मोंटाना : फ्यून बेटावरची घरची फर्निचर कंपनी कशी वाढली, आणि आमच्या वर्कशॉपपुढचा प्रश्न

रंधा_सांगली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो, आज दुकानाला सुट्टी आहे म्हणून बसलोच.

आमचं सांगलीत फर्निचरचं वर्कशॉप आहे, बाबांनी सुरू केलेलं, त्यांच्याआधी आजोबा गावात सुतारकाम करायचे, म्हणजे मी तिसरी पिढी. आता सात माणसं आहेत. काम भरपूर असतं पण दर वेळी सगळं पहिल्यापासून, गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, भिंतीचं माप घ्यायचं, त्या मापाचं कपाट बनवायचं, आणि ते कपाट त्या भिंतीशिवाय जगात दुसरीकडे कुठंच बसत नाही. माणूस घर बदलतो तेव्हा ते तोडून निम्म्या किमतीला जातं, ते बघवत नाही मला.

तर या विचारात असताना डेन्मार्कच्या मोंटाना कंपनीबद्दल वाचत गेलो आणि त्यातच अडकलो. थोडक्यात सांगतो. पीटर जे. लासन हा माणूस आधी फ्रिट्झ हान्सनमध्ये संचालक होता. फ्रिट्झ हान्सन म्हणजे १८७२ सालची कंपनी, आर्ने याकोबसन या डिझायनरची मुंगी खुर्ची (१९५२) आणि सीरीज सेव्हन खुर्ची (१९५५) यांचीच. १९७९ साली ती कंपनी कुटुंबाच्या हातून गेली. त्यानंतर लासननी वयाची पन्नाशी ओलांडल्यावर १९८२ साली स्वतःची कंपनी काढली, मोंटाना. फ्यून बेटावर हॉर्बी नावाच्या लहान गावात कारखाना. पुढे कारभार मुलगा योआकिम लासनकडे आला. आणि कारखाना अजून त्याच गावात आहे.

आता मुद्दा असा की सुरुवात एकाच वस्तूनं केली, एक चौकोनी खोका. ३६ मूळ खोके, ४ प्रकारची डेप्थ, ४२ रंग, हे त्यांचं बरीच वर्षं चाललेलं गणित. नुसता गुणाकार केला तर ६०४८ होतात आणि हे खोके एकमेकांशी जोडायला लागलात की मग मोजत बसायचं कारणच उरत नाही. पायावर ठेवा, चाकावर ठेवा, भिंतीला पट्टी मारून टांगा, पुस्तकं ठेवा, टीव्ही ठेवा, ऑफिसात फायली ठेवा. खोका तोच.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "आपलं गिऱ्हाईक भिंतीएवढं माप मागतं, खोक्याएवढं नाही." त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. पण मग ही माणसं चाळीस वर्षं एवढ्यावरच कशी वाढली? कुणी डेन्मार्कमध्ये आहे का? कुणी ते फर्निचर हातानं बघितलंय का?

ओडेन्सेकर

दादा, मी आहे. ओडेन्सेत नऊ वर्षं झाली, आणि हॉर्बी माझ्यापासून गाडीने फार लांब नाही, नैऋत्येला आसेन्सच्या बाजूला. लहानसं गाव आहे खरंच, आजूबाजूला शेतं. फ्यूनला इथले लोक डेन्मार्कची बाग म्हणतात, सफरचंदं, चेरी, भाज्या. तिथं आंतरराष्ट्रीय फर्निचर कंपनी असेल असं वाटत नाही पाहून.

हातानं बघितलंय का विचारलंत, तर घरीच आहे. पहिला खोका मी जुना घेतला, इथे डीबीए म्हणून जुन्या वस्तूंची साइट आहे, त्यावर एका आजींकडून. पांढरा, उघडा, मधे एक फळी. आजी म्हणाल्या की ऐंशीच्या दशकात घेतला होता त्यांच्या नवऱ्याने. तीन वर्षांनी पगार वाढल्यावर दुकानातून नवीन एक घेतला, ड्रॉवरवाला. घरी आणून जुन्यावर ठेवला. कडेला कड. बोट फिरवलं तर पायरी लागत नाही, फक्त पांढरा रंग जुना जरा पिवळसर झालाय तेवढा फरक. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, का ते नीट सांगता येणार नाही, पण ज्या माणसाला मी कधी भेटलो नाही त्याची वस्तू आणि माझी वस्तू एका रेषेत आली.

इथे ही जुनी मॉड्यूल्स विकायला ठेवली की पटकन जातात. लोकांना माहिती असतं आपल्याकडच्याला जुळणार.

अजून एक, इथे लोक घरं बदलतात बरीच. विद्यार्थी असताना एक खोली, मग जोडीदाराबरोबर फ्लॅट, मग मुलं झाली की घर, म्हातारपणी परत लहान फ्लॅट. खोके प्रत्येक वेळी सुटे करून दुसऱ्या आकारात लावता येतात. तुम्ही म्हणताय ना की घर बदललं की कपाट तोडतात, नेमकं तेच इथे होत नाही.

शुभदा_के

मी पुण्यात इंटीरियरचं काम करते, १४ वर्षं झाली, आणि रंधा_सांगली तुमच्या बाबांच्या बाजूने बोलणार आहे आज, राग मानू नका.

आपल्याकडे भिंत सरळ नसते. हे आधी मान्य करूया. बेडरूम कागदावर १० बाय ११ असते आणि प्रत्यक्षात एका टोकाला ९ फूट १० इंच आणि दुसऱ्या टोकाला १० फूट. कोपऱ्यात कॉलम बाहेर आलेला. बीम खाली आलेला. खोका कुठे ठेवला तरी मागे, बाजूला फट राहणार आणि त्या फटीत धूळ, झुरळं, आणि मग क्लायंट म्हणणार की ताई इथे काहीतरी पॅक करा ना. भिंतीपासून भिंतीपर्यंत, फरशीपासून छतापर्यंत, अशी मागणी असते कारण घर लहान आणि सामान जास्त. वर लॉफ्ट हवाच, गाद्या कुठे ठेवायच्या पाहुण्यांच्या?

पण दुसरी बाजूही सांगते कारण ती मला स्वतःला बोचलेली आहे. माझ्या स्वतःच्या घरी मी मॉड्यूलर किचन घेतलं, चांगल्या नावाच्या ठिकाणाहून, नाव घेत नाही. सहा वर्षांनी एका शटरला पाणी लागून ते फुगलं. फोन केला, तर ती रेंज बंद झाली म्हणे. फक्त रंग नाही हो, माप बदललं होतं. एका शटरसाठी पूर्ण रांग बदलायला सांगितली. त्या दिवशी मला कळलं की आपल्याकडे मॉड्यूलर हा शब्द फक्त विकतानाचा आहे. त्यामुळे ओडेन्सेकरांनी जे लिहिलंय ना, जुन्यावर नवीन कडेला कड बसला, ते वाचून थांबले मी थोडा वेळ. एवढं जमलं असेल तर मग ती कंपनी का वाढली हा प्रश्नच नाही.

गुण्या

पिंपरीत टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. लाकडातलं मला कळत नाही पण माप कळतं. धागा वाचून मोंटानाची मापं काढली आणि काल दुपारभर कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. इतकं सुंदर प्रकरण आहे हे की लिहिल्याशिवाय राहवत नाही, थोडं लांबेल.

मोठा चौकोनी खोका बाहेरून ६९.६ सेंमी बाय ६९.६. आता हा आकडा विचित्र वाटतो, ७० का नाही? फळीची जाडी १२ मिमी. ६९६ मधून डावी, उजवी आणि मधली अशा तीन फळ्या वजा करा, ३६ गेले, राहिले ६६०. त्याचे दोन भाग, ३३०. म्हणजे आतला कप्पा ३३ सेंमीचा.

आता अर्धा खोका घ्या. तो ३४.८ असायला पाहिजे ना, ६९.६ चा निम्मा? नाही. तो ३५.४ आहे. का, तर आतला कप्पा ३३० आणि दोन बाजूंच्या फळ्या २४, झाले ३५४.

पुढे. मोठ्याचे आत तीन भाग करा. चार फळ्या, ४८ वजा, ६४८ राहिले, भागिले ३, २१६. त्या एका भागाला दोन फळ्या लावा, २४०. आणि २४ सेंमीचा खोका त्यांच्याकडे आहे. दोन भाग जोडा, २१६ अधिक १२ अधिक २१६, वर बाजूच्या २४, झाले ४६८. ४६.८ त्यांच्याकडे आहे. सहा भाग करा, सात फळ्या, ८४ वजा, ६१२ भागिले ६, १०२, अधिक २४, १२६. आणि १२.६ सुद्धा आहे!

म्हणजे बघा, एक मोठा आकडा धरला, एक जाडी धरली, आणि बाकी सगळी मापं त्यातून आपोआप पडली. कुणी आवडीनं ठरवलेलं माप एकही नाही. आमच्याकडे गेज बनवताना असं जमलं की साहेब लोक चहा पाजायचे.

आणि यात एक खरी अडचण आहे ती पण सांगतो. दोन अर्धे खोके शेजारी ठेवले तर ७०८ होतात, मोठा ६९६. १२ मिमीचा फरक, बरोबर एका फळीचा. म्हणजे खाली मोठा आणि वर दोन अर्धे असं ठेवलं तर एक फळी बाहेर येणार. हे टाळता आलं असतं, अर्धा ३४.८ केला असता तर बाहेरून जुळलं असतं. पण मग आतला कप्पा ३२.४ झाला असता आणि मोठ्यातल्या ३३ च्या कप्प्यात बसणारा ड्रॉवर अर्ध्यात बसला नसता. दोन्ही एकदम मिळत नाही. आत जुळवायचं का बाहेर, यातलं त्यांनी आत निवडलं. मला ही निवड बरोबर वाटते, कारण वस्तू आत ठेवायच्या असतात.

रंधा_सांगली

काका, साष्टांग नमस्कार. हे मी बाबांना तुमच्याच शब्दात वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण उठून खिशातली पेन्सिल काढली आणि प्लायच्या तुकड्यावर हिशोब करायला लागले. त्यांचा हिशोब सुतात असतो, इंचाचे आठ सूत, त्यामुळे मिलिमीटर त्यांना जरा परके वाटतात, पण पंधरा मिनिटांनी म्हणाले, "फळीची जाडी आधी धरली, म्हणून जमलं त्याला."

शुभदाताई, तुमचं पटलं. भिंतीचा प्रश्न खराच आहे. त्यावर मी विचार करतोय की खोके भिंतीला टेकवायचेच कशाला, पण ते नंतर लिहितो.

कोकणातला

मी रत्नागिरीचा. माझी शंका वेगळी आहे आणि जरा स्पष्ट बोलतो.

ही मोंटानावाली मंडळी एमडीएफ वापरतात, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी. वर पाण्यावर आधारित लॅकर मारतात. ते सगळं छान आहे तिकडे, थंड हवा, घरात हीटर, कोरडं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर चार महिने हवेत हात फिरवला तर ओला होतो. एमडीएफचं कपाट आणलं होतं भावाने, तिसऱ्या पावसाळ्यात खालची फळी पावासारखी फुगली. माझ्या आजोबांच्या वेळचं फणसाच्या लाकडाचं फडताळ आहे, त्याला सत्तर वर्षं झाली, बिजागऱ्या बदलल्या दोनदा, बाकी जसंच्या तसं. मग टिकाऊ कुठलं म्हणायचं?

डेन्मार्कचं नाव आपण घेतो ते साग, ओक, असल्या लाकडासाठी घेतो ना. फ्यूनवरच कार्ल हान्सन अँड सन आहे, १९०८ साली ओडेन्सेत सुरू झालेली, ती पण घरचीच कंपनी आणि विशबोन खुर्ची १९५० पासून करतायत, खऱ्या लाकडाची, बैठक कागदी दोरीनं हातानं विणलेली. वाढायचं तर तसं वाढावं. भुसा दाबून रंग मारलेल्या खोक्याचं एवढं कौतुक मला कळत नाही.

ओडेन्सेकर

कोकणातला भाऊ, फणसाच्या फडताळाबद्दल बोलायलाच नको, आमच्या आजोळी मालवणला होतं तसंच. हवेबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर, इथलं जसंच्या तसं तिकडे नेऊन चालणार नाही.

पण एमडीएफ का, याला कारण आहे असं मला वाटतं. १२ मिमी एवढी बारीक कड, चारही बाजूंनी सारखी, आणि त्यावर एकसारखा रंग. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं आकसतं, लाकडाच्या रेषांना आडवं जास्त, रेषांच्या दिशेनं कमी. खुर्चीला ते चालतं. पण गुण्याकाकांनी काढलेलं गणित बघा, तिथे एक मिलिमीटर इकडे तिकडे झाला तरी सात खोके एकावर एक ठेवल्यावर दिसणार. म्हणजे कार्ल हान्सनचं लाकूडप्रेम आणि मोंटानाचं मापप्रेम, दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दोन्ही इथे एकाच बेटावर नांदतात.

आणि रंगाबद्दल सांगायचंच राहिलं. मोंटाना ओळखू येते ती रंगावरून. सगळं डॅनिश घर पांढरं असतं आणि एका भिंतीवर हे गडद खोके. काही वर्षांपूर्वी त्यांनी मार्ग्रेथे ओडगार्ड या डिझायनरकडून रंगांचा नवा संच करून घेतला. त्यात नावं बघा, पार्सली, बीटरूट, रुबार्ब, मशरूम, आणि चक्क क्युमिन आणि मसाला. जिऱ्याच्या रंगाचं आणि मसाल्याच्या रंगाचं कपाट! मी दुकानात मसाला रंगाचा तुकडा हातात घेऊन उभा होतो, लालसर तपकिरी, आईचा कांदा-लसूण मसाला उन्हात वाळत घातल्यावर दिसतो त्याच्या जवळचा. त्या बाईंनी कुठला मसाला बघितला होता माहीत नाही पण मला आमची गच्ची आठवली.

मेघना_कोपनहेगन

उशिरा आले धाग्यावर. मी इथे फर्निचर डिझाइनच शिकले, म्हणून थोडं मागचं सांगते, कारण हे सगळं लासनच्या डोक्यातून एका रात्रीत आलेलं नाही.

१९२४ साली कोरे क्लिंटनी इथल्या अकादमीत फर्निचरचा विभाग सुरू केला. त्यांची शिस्त अशी होती की आधी मोजा. घरात किती शर्ट असतात, घडी घातल्यावर केवढा होतो, ताट केवढं, चमचे किती, माणूस हात वर केल्यावर कुठपर्यंत पोचतो. विद्यार्थ्यांकडून हे सगळं मोजून घेत आणि मग कपाट काढायला सांगत. त्यांचा विद्यार्थी बोर्गे मोगेनसेन, त्याने ग्रेथे मायरबरोबर १९५४ मध्ये घरातल्या कपाटांची एक पूर्ण प्रणालीच केली या मोजमापांवर. त्याच्याही आधी १९४८ मध्ये पोल कॅडोव्हियसने रॉयल सिस्टिम काढली, भिंतीवर पट्ट्या आणि त्यावर हव्या तिथे फळ्या, तेव्हा फर्निचर जमिनीवरून उचलून भिंतीवर नेणं हेच नवीन होतं.

म्हणजे १९८२ मध्ये लासन आले तेव्हा साठ वर्षांची मोजण्याची सवय आधीच होती इथे. त्यांनी त्यातून नेमका सांगाडा ठेवला आणि बाकी गिऱ्हाइकावर सोडलं.

गुण्याकाका, तुमच्या ३३ सेंमीला अजून एक पुरावा देते. बॉक्स फाइल उभी ठेवली की साधारण ३२ सेंमी उंच असते. गाण्याची मोठी तबकडी कव्हरसकट साडेएकतीस. दोन्ही ३३ च्या कप्प्यात वर बोट घालण्याएवढी जागा ठेवून बसतात. त्यामुळे तोच खोका ऑफिसातही गेला आणि घरातही. कंपनी वाढली ती अशी, दोन बाजारांसाठी दोन वस्तू करायला लागल्या नाहीत.

आणि डिझायनर व्हर्नर पँटनचा उल्लेख हवाच. पँटन पण फ्यूनचाच, १९२६ साली गामटोफ्ते गावात जन्म, म्हणजे हॉर्बीच्या टापूतलाच. त्याची १९५५ ची खुर्ची त्या वेळी फ्रिट्झ हान्सनने केली होती, ती आता पँटन वन या नावाने मोंटाना करते. शिवाय त्याचे तारेचे खोके, पँटन वायर, तेही. बघा, लासन फ्रिट्झ हान्सनमधून आले आणि तिथे सुरू झालेली खुर्ची पुढे त्यांच्या घरात येऊन राहिली.

शुभदा_के

मेघना, शर्ट मोजण्याचं वाचून लगेच आमच्या घरातली साडीची घडी मोजली. हँगरवर नाही, आडवी घडी. आपल्याकडे हे कुणी बसून मोजलंय का कधी? साडी, नऊवारी, शालू वेगळा कारण जरीमुळे जाड, डब्यांची उतरंड, कुकर, पोळपाट, देवाचं सामान, गणपतीची आरास जी वर्षातून दहा दिवस बाहेर येते आणि बाकी वेळ माळ्यावर. मी १४ वर्षं भिंतीच मोजत आले. वस्तू मोजल्या नाहीत.

पेठकर_हिशोबनीस

मी सीए आहे, लहान कुटुंब धंद्यांची कामं करतो म्हणून धंद्याच्या बाजूने दोन शब्द.

सुतारकामातून निघालेली दुसरी डॅनिश घरची कंपनी सगळ्यांना माहितीये, लेगो. ओले किर्क ख्रिस्तियानसेन हा बिलुंडचा सुतार, १९३२ साली लाकडी खेळणी करायला लागला. १९५८ साली पेटंट घेतलेली वीट आजच्या विटेला बसते. आजही कुटुंबाकडेच आहे. लेगो आणि मोंटाना आकाराने कुठल्या कुठे, पण दोघांनी एक गोष्ट सांभाळली, माप बदललं नाही.

आता हिशोबनीस म्हणून सांगतो हे किती अवघड आहे ते. माझ्याकडे येणारा प्रत्येक उत्पादक दर दोन-तीन वर्षांनी नवीन मॉडेल काढतो कारण डीलर मागतो, जुनं मॉडेल सेलमध्ये काढतो, आणि जुन्या गिऱ्हाइकाचे सुटे भाग बंद. ताळेबंदात त्या वर्षी विक्री चांगली दिसते. माप न बदलण्याचा फायदा कुठल्याच एका वर्षाच्या हिशोबात दिसत नाही, तो वीस वर्षांनी ओडेन्सेकर जुन्यावर नवीन खोका घ्यायला दुकानात जातात तेव्हा दिसतो. बाहेरचा गुंतवणूकदार एवढा वेळ थांबत नाही. बापानंतर मुलगा बसणार असेल तर थांबता येतं. म्हणून मला वाटतं की इथे कुटुंब आणि मॉड्यूल या दोन गोष्टी सुट्या नाहीत, एकाशिवाय दुसरी टिकली नसती. आपल्याकडे गोदरेजचं स्टोअरवेल कपाट १९२३ पासूनचं, लग्नात दिलेलं, आजीचं अजून चालू असतं, त्यामागेही घरचीच कंपनी होती हे विसरू नये.

रंधा_सांगली, तुम्ही हे करणार असाल तर मालाचा साठा लागेल, भांडवल अडकेल. मोंटाना बहुतांश माल मागणी आल्यावर बनवते असं दिसतं, ठरावीक रंगात आगाऊ ढीग लावत नाही. तुम्हीही फळ्या कापून ठेवा, खोके जोडून ठेवू नका. रंग शेवटी.

कोकणातला

ओडेन्सेकर आणि मेघना, तुमचं वाचलं, दोन दिवस विचार केला. लाकूड आणि माप वेगळं हे मान्य. तरी पाण्याचा प्रश्न राहतोच. रंधा दादा, करणार असाल तर आमच्याकडे एमडीएफ विकू नका कृपया. बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लाय घ्या, किंमत वाढली तरी चालेल, आणि खोका जमिनीपासून चार इंच वर ठेवा, फरशी पुसताना पाणी लागतंच. माझं एक गिऱ्हाईक पक्कं समजा.

रंधा_सांगली

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो, आठवडाभर वर्कशॉपमध्ये हेच चाललं होतं.

आम्ही १२ मिमी घेत नाही आहोत. आमच्याकडे स्क्रू धरायला आणि कोकणच्या हवेला १८ मिमीचं प्लाय बरं. मग गुण्याकाकांची पद्धत आमच्या जाडीला लावली. आतला कप्पा ३३ सेंमीच ठेवला, मेघनाताईंच्या फाइलमुळे. अर्धा खोका ३३० अधिक ३६, म्हणजे ३६६. मोठा, तीन फळ्या ५४ अधिक ६६०, म्हणजे ७१४. डेप्थ ३०.

डेप्थ ३० हे बाबांनी सुचवलं आणि कारण ऐकून मला त्यांचा अभिमान वाटला. आपली शीट ८ बाय ४, म्हणजे २४४० बाय १२२०. १२२० मधून ३०० च्या चार पट्ट्या पडतात, करवतीची ४ मिमी धार तीनदा धरली तरी १२१२. आठ मिमी फक्त वाया. मग लांबीत ७१४ चे तीन तुकडे, धारेसकट २१५४, खाली राहतो २८ सेंमीचा तुकडा. मी म्हटलं हा वाया गेला. बाबा म्हणाले, "ड्रॉवरच्या बाजू." ३० च्या खोक्यात ड्रॉवर सरकायला १० इंची चॅनेल लागतं आणि त्याची बाजू २५ सेंमीची, २८ मधून आरामात निघते. त्यांनी चाळीस वर्षं शीट कापली आहेत, त्यांना तो तुकडा दिसतोच.

शुभदाताई, भिंतीचं असं ठरलं की खोके भिंतीपासून भिंतीपर्यंत न्यायचेच नाहीत. मधे लावायचे, दोन्ही बाजूला मोकळी जागा सोडायची, हाताने पुसता येईल एवढी. लॉफ्टचं काम आधीसारखंच मापाने घेणार, ते सोडून चालणार नाही. आणि साडीचं माप तुम्ही पाठवाल का? आईने तिच्या बारा साड्यांच्या घड्या मोजल्या आहेत पण एका घरावर ठरवायचं नाही असं बाबाच म्हणतात.

पेठकर साहेब, फळ्या कापून ठेवतोय, वीस खोक्यांच्या. जोडलेत तीनच. दोन अर्धे आणि एक मोठा. मोठ्यावर दोन अर्धे ठेवले तर काकांनी सांगितलं होतं तसंच झालं, आमच्यात १८ मिमी बाहेर आले. बाबांनी ते बघितलं आणि अर्धे खोके उभे एकावर एक रचून मोठ्याच्या शेजारी लावले. उंचीत १८ चा फरक येतो, मग मोठ्याखाली १८ मिमीचा एक पाट घातला. आता वरची कड एका रेषेत आहे. तो पाट म्हणजे प्लायचाच तुकडा.

एकच अडलंय. पाठीला ६ मिमी प्लाय घ्यायचं का ९? खाच पाडून बसवणार आहे, नुसतं मागून ठोकणार नाही.

गुण्या

पाट घालायचं मला सुचलं नव्हतं. बाबांना माझा नमस्कार सांगा.

कोकणातला

९ घ्या. ६ चं पावसाळ्यात पोट येतं आणि भिंतीला टांगायचा असेल तर पट्टीचे स्क्रू ६ मध्ये धरत नाहीत. खाच ९ ची पाडलीत तर पुढे कधी बदलायची पाठ झाली तरी कुठल्याही दुकानात मिळेल.

शुभदा_के

साड्या मोजायला घेतल्या आहेत. सात घरं झाली, रविवारी अजून चार करते. नऊवारीची घडी प्रत्येक घरात वेगळी निघतेय, कुणी तीन पदरी, कुणी चार, तर मी दोन्ही लिहिते. आडव्या घडीला ३३ पुरतंय आत्तापर्यंत, फक्त एक पैठणी अडली.

रंधा_सांगली

९ आणतो उद्या. ताई, त्या पैठणीचं माप आधी पाठवा.